फाटकावरच्या सगुणाबाई

परवा आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, स्मरणिकेत सगुणाबाईंवर चार ओळी छापून आल्या. 'शांत, सोशिक आणि मितभाषी सेविका.' तीन विशेषणं, तिन्ही खोटी. लिहिणाऱ्याने त्यांना पाहिलेलं नसावं. पाहिलं असेल तर फार लांबून, कारण रस्त्याच्या पलीकडूनही त्यांचा आवाज ऐकू येत असे. बाई मेली की तिला सोशिक करून टाकायची आमच्याकडे पद्धत आहे. जिवंतपणी जिचा धाक वाटला, तिची मेल्यावर समई करतात. मला हे चालत नाही, म्हणून लिहायला बसले.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि महायुद्ध चालू होतं. अमरावतीला मिशनच्या मुलींच्या शाळेत मी नुकती शिकवायला लागले होते. सगुणाबाई मिशनच्या बायबल-बाई. म्हणजे सकाळी पिशवीत शुभवर्तमान घालून निघायचं, घरोघर जाऊन बायकांना वाचून दाखवायचं, आजारी असेल तिच्यासाठी प्रार्थना करायची. गावाबाहेर माळ्यांचे भाजीचे मळे होते, तिकडे त्यांची रोजची फेरी. त्या वाचायच्या थोडं आणि सासवासुनांची भांडणं सोडवायच्या जास्त. क्वचित लावायच्याही. परतताना पिशवीत शुभवर्तमानाच्या शेजारी मेथीची जुडी असे आणि काखेत काळी छत्री. उन्हाळा-पावसाळा ती छत्री बहुतेक मिटलेलीच असायची, कारण तिचा खरा उपयोग समोरच्याच्या छातीकडे रोखून बोलण्यासाठी होता.

'बिचारा' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. एकदा मी आमच्या वसतिगृहातल्या एका मुलीला 'बिचारी पोरकी आहे' असं म्हणाले. छत्री वर आली.

"मास्तरीनबाई, नाव काय तिचं?"

"सोनू."

"मंग सोनू म्हना. बिचारी म्हनलं का मानसाची चिंधी होते. दुष्काळात मले मिशनात आनलं, तवा सारे बिचारी म्हनत. माह्यं नाव काय हाये, हे इचाराले कोनाले सवड नोती."

स्वतःच्या लहानपणाविषयी त्या माझ्याशी बोलल्या त्या एवढंच. अधिक विचारायची माझी छाती झाली नाही.

जपान्यांनी रंगूनवर बाँब टाकले आणि तिथले हिंदी लोक पायी निघाले. डोंगर, नद्या, जंगलं ओलांडून जे जगले ते इकडे पोचले. त्यांत काही तेलुगू ख्रिस्ती कुटुंबं होती. रंगूनच्या भाताच्या गिरण्यांत राबणारी माणसं. कोणाचा तरी नातेवाईक अकोल्याला कापसाच्या जिनात कामाला होता, त्याच्या आधाराने ती अकोल्याला आली आणि जिनातच लागली. त्यांचा पाळक, देवदानम, त्यांच्याबरोबरच चालत आला होता. पाळक म्हणजे मंडळीचा धर्मगुरू. उपासना घेणारा, बाप्तिस्मा देणारा, लग्न लावणारा, मेलेल्याला माती देणारा. पण अकोल्यात पाळकाला ठेवण्याची ऐपत कोणाची? मिशनची कचेरी अमरावतीला, म्हणून तो आणि त्याची बायको मरियम्मा अमरावतीला आले आणि आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकून राहिले. चाळिशीचा, काळासावळा, बारीक माणूस. मराठी येत नव्हतं. रंगूनची हिंदुस्थानी बोले आणि आमचे शब्द ऐकून ऐकून तीत मिसळी.

आमच्या मंडळीने त्याचं काय केलं ते सांगते. आमचे पाळकसाहेब मिशनच्या कमिटीचे अध्यक्ष होते, बी. ए. झालेले, आवाज गोड. त्यांनी पहिल्या रविवारी देवदानमला सगळ्यांसमोर उभं करून प्रवासाची हकिकत सांगायला लावली. बायकांनी डोळे पुसले. वर्गणीची थैली फिरली. दुसऱ्या रविवारी परत तेच. तिसऱ्या रविवारी तर पाळकसाहेब मधूनच म्हणाले, "ते नदीचं सांगा, मुलं वाहून गेली ते." रंगूनमध्ये शेकडो माणसांसमोर उपदेश करणारा हा माणूस आमच्याकडे नदीचं सांगायला उभा राहायचा, आणि सांगून झालं की खाली सतरंजीवर मुलांच्या रांगेत बसायचा. व्यासपीठावर तीन खुर्च्या होत्या. दोन रिकाम्या असत.

बायकांच्या बाजूने सगुणाबाई उठल्या. आमच्या देवळात बायका गाण्याखेरीज तोंड उघडत नसत.

"भाऊ, तुमी बसा खाली," त्या देवदानमला म्हणाल्या, आणि मग व्यासपीठाकडे वळल्या. "पाळकसाहेब, हे देवाचं घर हाये का सर्कशीचा तंबू? दर आयतवारी त्याइचे पोरं नदीत बुडवून राह्यले तुमी! त्याइले शास्त्रपाठ वाचाले सांगा, प्रार्थना कराले सांगा. नाई तं घरी जाऊन जेवू द्या."

"सगुणाबाई, बसून घ्या," पाळकसाहेब म्हणाले.

"बसतेच हाये. खाली लई जागा हाये."

नदीचं सांगणं त्या दिवसापासून बंद झालं. पण प्रार्थना करायलाही त्याला कोणी बोलावलं नाही.

कपड्यांचा प्रकार त्याहून वाईट. मंडळीतल्या सुखवस्तू घरांनी निर्वासितांसाठी जुने कपडे दिले. त्यांत एका वकीलसाहेबांनी लग्नाच्या बँडवाल्याचा लाल कोट दिला, पितळी बटणांचा, एका खांद्याला झालर असलेला. तो त्यांच्या घरी कसा आला ते देव जाणे. "पाळकाला कोट लागतोच," असंही वर म्हणाले. सगुणाबाईंनी तो कोट स्वच्छ धुतला, इस्त्री केली, आणि भर दुपारी वकिलांच्या बैठकीत, पक्षकार बसलेले असताना, नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवला.

"तुमचा कोट आमच्याकडं राह्यला होता साहेब. सभेत लागंन तुमाले."

वकीलसाहेब पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. सगुणाबाई म्हणत, तेवढीच शांती.

पण अशा बाईच्या हातूनही चूक झाली, आणि तीही मदत करता करता.

पावसाळा आला. व्हरांड्यात सरींचा मारा, मरियम्माला हिवताप. फाटकाजवळची चौकीदाराची खोली रिकामी होती, कारण जुना चौकीदार फौजेत भरती झाला होता. सगुणाबाई तशाच भिजत पाळकसाहेबांकडे गेल्या आणि देवदानमला चौकीदाराची जागा मिळवून दिली. पक्की खोली, चूल, दरमहा पगार. पाळकसाहेब एवढ्या चटकन हो म्हणाले की तिथेच शंका यायला हवी होती. सगुणाबाई मात्र खुशीत होत्या. आल्या त्या थेट माझ्या वर्गात शिरल्या. "झालं काम! डोक्यावर छप्पर आलं. आता बोला!"

देवदानमने खाकी कोट घातला, पट्ट्यावर पितळी बिल्ला लावला, हातात काठी घेतली आणि फाटकावर उभा राहिला. कुरकुर केली नाही. महिनाभरात काय झालं? कंपाउंडमधल्या बायका त्याला हाक मारू लागल्या, "ए देवदानम, टांगा बोलाव." "देवदानम, दळण घेऊन ये जरा." परवापर्यंत ज्याच्या हकिकतीवर डोळे पुसले, त्याच्या डोक्यावर गव्हाचा डबा. मी हे रोज पाहत होते आणि मला त्यात फारसं वावगं दिसत नव्हतं, हेही लिहून टाकते. चौकीदाराला माणसं दळण सांगतातच.

एके दिवशी अकोल्याहून पोलय्या आला. त्या तेलुगू मंडळीतला वडीलधारा माणूस. अकोल्यात एक मूल जन्मलं होतं, एक म्हातारा अंथरुणाला खिळला होता, आणि रंगून सोडल्यापासून कोणालाही प्रभुभोजन मिळालं नव्हतं. पाळकाने कधी यायचं, एवढंच विचारायला तो आला होता. प्रभुभोजन म्हणजे भाकर आणि द्राक्षरस. ते पाळकाच्या हातूनच घ्यायचं असतं, आणि आम्हा लोकांना त्यावाचून इतके महिने काढणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पोलय्या फाटकाशी आला तेव्हा पाळकसाहेबांचा टांगा आत शिरत होता. देवदानमने फाटक उघडलं, टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला. पोलय्याने ते पाहिलं. तो फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली थबकला आणि तिथूनच स्टेशनाकडे परत गेला.

मळ्यांतून येताना सगुणाबाईंना तो वाटेत भेटला. अकोल्याचं सगळं त्याने सांगितलं; फाटकावरचं सांगितलं की नाही कोण जाणे, पण तेही त्यांना समजलं. परत आल्या त्या फाटकासमोर उभ्या राहिल्या. छत्री खालीच होती.

"म्या उभं केलं त्याले इथं," संध्याकाळी त्या मला म्हणाल्या. "छप्पर देल्लं आन मानूस नेला. बाकीच्याइनं तं त्याले सतरंजीवर बसवलं होतं. म्या बिल्ला लावला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कमिटीपुढे मागणी ठेवली की देवदानमने महिन्यातून एकदा अकोल्याला जाऊन आपल्या लोकांना प्रभुभोजन द्यावं. कमिटीने दोन आक्षेप काढले. पहिला, त्याच्या दीक्षेचा कागद कुठे आहे? कागद रंगूनला होता. घराबरोबर जळाला. दुसरा आक्षेप लेखी नव्हता, पण तोच खरा होता. कमिटीतल्या, मिशनच्या दवाखान्याच्या कंपाउंडरसाहेबांनी तो बोलून दाखवला, "चौकीदाराच्या हातचं प्रभुभोजन म्हणजे जरा... नाही का?"

ज्या प्रभूच्या नावाने हे बोलत होते तो सुताराचा मुलगा. पण ते जाऊ द्या. आजही हे वाक्य आठवलं की माझं पित्त खवळतं. यांनीच चौकीदार केला, आणि आता म्हणतात चौकीदार कसा चालेल!

सोमवारी सकाळी शाळेला येते तर फाटकावर सगुणाबाई. पांढऱ्या लुगड्यावर खाकी कोट, कमरेला पट्टा, पट्ट्यावर बिल्ला, छत्रीच्या जागी काठी. मुली खिदळायला लागल्या.

"हसता काहून व? चौकीदारीन पाह्यली नाई का कंदी?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काम म्या मांगतलं होतं, मी करून राहिली. खोलीत ते राहतीन, पगार त्याइले जाईन. माह्यं वाचन मी सांजच्याले करते. आन त्याइले म्या सांगतलं, तुमी पाळक हा, पाळकाचं काम करा."

देवदानम खोलीच्या दारात स्वच्छ पांढरा सदरा घालून उभा होता. मला तो थोडा घाबरलेला वाटला. तेही साहजिक होतं.

रात्री फाटकाला कुलूप असे, तेव्हा पहारा काय तो दिवसाचा. त्या आठवड्यात कमिटीची सभा होती. मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षिका व्हरांड्यात होतो. पाळकसाहेबांचा टांगा फाटकाशी येऊन थांबला. फाटक उघडेना.

"अहो, फाटक उघडा."

"कोन हाये?"

"सगुणाबाई! हा काय पोरखेळ?"

"नाव सांगा. वळख पटल्याबिगर कोनाले सोडाचं नाई, असा कमिटीचा हुकूम हाये."

"मी कोण हे तुम्हाला माहीत नाही?"

"मले माहीत असून काय उपेग? कागद दाखवा. तुमी पाळक हा, त्याचा."

"कागद घरी आहे. कपाटात."

"मंग बरं हाये. तुमचं कपाट जवळ हाये, घेऊन या. देवदानमभाऊचं लंब राह्यलं."

टांगेवाल्याने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलताना आम्हाला दिसत होते. पाळकसाहेबांचा चेहरा लाल झाला. "सगळं गाव मला ओळखतं!"

"कोन्तं गाव? ज्याइले तुमी बाप्तिस्मा देल्ला, ज्याइचे लग्न लावले, तेच ना? मंग त्याचेबी हायेत तसे. अकोल्यात जिनात सरकी उचलून राह्यले. कमिटीतलं कोनी गेलं का त्याइले इचाराले?"

एवढं बोलून त्यांनी फाटक सताड उघडलं. "या आता. मीटिंगले उशीर होते."

कमिटीने परवानगी दिली. पण कशी? फक्त अकोल्यापुरती, फक्त तेलुगू लोकांपुरती, आणि फक्त सहा महिन्यांसाठी. हे ऐकून सगुणाबाई इतक्या चिडल्या की फाटकावरून उठून थेट शाळेत आल्या.

"सहा मईन्यांचा पाळक! मास्तरीन, तुमी शिकेल हा, सांगा. म्हशीले कोनी सहा मईन्यापुरती म्हैस म्हनते का?"

प्रभुभोजनाचा रस आमच्या मंडळीत वर्षानुवर्षं सगुणाबाईच करत. मनुका रात्रभर भिजवायच्या, हाताने कुस्करायच्या, मलमलीच्या फडक्यातून गाळायच्या. बरणीला दुसऱ्या कोणी हात लावलेला खपत नसे. अकोल्याच्या त्या रविवारसाठी त्यांनी बाटली भरली, ओल्या फडक्यात गुंडाळली, आणि पेल्यांची टोपली घ्यायला मला बरोबर ओढलं. बडनेऱ्याला गाडी बदलली. मूर्तिजापूर येईपर्यंत त्या डब्यातल्या एका कास्तकाराला सांगत होत्या की आपण कुठे आणि कशाला चाललो आहोत. त्याला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण तो बराच वेळ 'हाव, हाव' करत होता.

जिनाच्या मागे सरकीचं एक रिकामं गोदाम होतं. ते झाडून, सडा घालून ठेवलं होतं. पन्नासेक माणसं खाली बसली होती. अंघोळी करून आली होती तरी केसांत कापसाचे तंतू होते. देवदानम उपासना घेऊ लागला, आणि मी त्याच्याकडे पाहतच राहिले. आमच्या सतरंजीवर बसणारा तो माणूस हा नव्हताच. आवाज गोदामाच्या पत्र्यापर्यंत जात होता. सगुणाबाईंना तेलुगूचं अक्षर कळत नव्हतं, पण मान अशी हलवत होत्या की उपदेश त्यांनीच लिहून दिला असावा.

मग त्याने टेबलावरचं पांढरं फडकं उचललं आणि लोकांना एक प्रश्न विचारला. परत विचारला. पोलय्या खाली पाहत होता. पलीकडच्या टोकाला बसलेला यकोबू नावाचा माणूसही खाली पाहत होता. एक बाई हुंदके देऊ लागली. मग देवदानमने भाकर आणि रसाच्या बाटलीवर फडकं परत पांघरलं, नीट चारी कोपरे सारखे करून, आणि बाजूला जाऊन खाली बसला.

"काय झालं व?" सगुणाबाईंनी मरियम्माला ढोसलं.

मरियम्माने मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. वाटेत पोलय्या तापाने फणफणत होता, त्याला बैलगाडीतून पुढे पाठवलं. त्याच्या म्हाताऱ्या आईला मागून आणायचं यकोबूने कबूल केलं होतं. यकोबू आला, म्हातारी आली नाही. त्या दिवसापासून दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती. एकाच जिनात, एकाच चाळीत राहून. आणि भावाशी वैर ठेवून प्रभूच्या मेजाशी यायचं नाही, हा नियम; कोणाचं वैर आहे का, हेच देवदानमने विचारलं होतं.

नियम आमचाही तोच आहे. आमच्या अमरावतीच्या देवळातही ते वाक्य दर वेळी वाचलं जायचं, गोड आवाजात. वाचलं जायचं आणि भाकरीचं ताट पुढे सरकायचं. वकीलसाहेब पुरुषांच्या बाजूला, सगुणाबाई बायकांच्या बाजूला, आणि दोघंही त्याच ताटातून घ्यायचे. त्या वाक्यासाठी ताट थांबलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

सगुणाबाईंनी मात्र गोदामाच्या दारात देवदानमला गाठलं. "आज नाई म्हंजे? एवढी भांडली मी, लोकाइनं मले वेडी म्हनलं, फाटकावर उभी राह्यली. सहा मईने देल्ले त्याइनं, त्यातला एक असाच घालवता का?"

"बाई," तो म्हणाला, "मी आज देता, तो सहा महिने का पाळक. आज नाही देता, तो पाळक."

"बरं, मिटवा मंग त्याइचं लवकर."

"मिटवतो. और एक आहे." तो कचरला. मग म्हणाला, "तुमचं."

"माह्यं?"

"बडे पाळकसाहेब. त्यांना तुमी बोलत नाही. फाटक खोलते, मुंह फेरते. मी खोलीतून रोज देखता."

"त्यानं तुमाले सतरंजीवर बसवलं! नदीचं सांगाले लावलं! चूक त्याची हाये!"

"होय. उनकी चूक. बहुत चूक." त्याने हात जोडले. "पण मेज माझा नाही, बाई. माझा असता तो तुमाला पहला बुलाता."

रसावर अजून प्रार्थना झालेली नव्हती, म्हणजे तो नुसता मनुकांचा रस होता. सगुणाबाईंनी तो तापाने पडलेल्या दोन बायकांना पाजला, बाटली विसळली आणि निघाल्या. गाडीत मूर्तिजापूरपर्यंत एक अक्षर नाही. मग एकदम, खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "पाळकच हाये मेला."

देवदानम दर शनिवारी अकोल्याला जात राहिला. कसं मिटवलं ते मला पुरतं माहीत नाही. मरियम्मा एवढंच म्हणाली की यकोबू पोलय्याच्या उंबऱ्यावर येऊन बसला आणि म्हातारीला कुठल्या झाडाखाली ठेवलं, तिच्याजवळ काय ठेवलं, ती शेवटचं काय म्हणाली, हे त्याने पहिल्यांदा सांगितलं. तोवर पोलय्याने विचारलं नव्हतं आणि यकोबूला सांगवत नव्हतं. आमच्या मंडळीने नदीची हकिकत हव्या तितक्या वेळा ऐकली, पण जी कोणीतरी ऐकायलाच हवी होती ती ही होती.

राहिल्या सगुणाबाई. त्या रोज नवं कारण काढत. "माह्यं त्याइच्याशी भांडन नाई. त्याइचं माह्याशी हाये." "त्याइनं यावं. रस्ता दोन्हीकडून सारकाच लंब हाये." शेवटी अकोल्याहून निरोप आला की येत्या रविवारी प्रभुभोजन. शनिवारी शाळा सुटताना त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या. कोट नाही, बिल्ला नाही, धुतलेलं लुगडं.

"चाला मास्तरीन. साक्षीले कोनी पाह्यजे."

पाळकसाहेबांचा बंगला कॅम्पात. ते व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. सगुणाबाई पायरीवरच थांबल्या.

"मी माफी मांगाले आली."

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. "फार चांगलं केलंत. बसा."

"बसाले नाई आली. आयका. त्या मानसाले तुमी जसं वागवलं, ते चुकीचं होतं. चौकीदार म्या केलं, ते माह्यं चुकलं, तुमाले त्याचा दोष नाई. टांगेवाल्याम्होरं तुमची फजिती केली, तेबी चुकलं. आत येऊन, दार लावून इचाराले पाह्यजे होतं. आन तोंड फिरवलं रोज, ते तं लई चुकलं. तेवढ्याची माफी. बाकीचं जे म्या म्हनलं, ते आजबी म्हनते."

"म्हणजे राग आहेच अजून!"

"राग हाये. पन आता तुमच्या दारात येऊन सांगून राहिली, तोंड फिरवून नाई."

पाळकसाहेबांनी हात वर केला, आशीर्वादाला करतात तसा. "झालं, केलं माफ. मनात काही ठेवू नका."

सगुणाबाई पायरीवर उभ्याच राहिल्या. वाट पाहत होत्या. मला कळलं कशाची, आणि मीही वाट पाहिली. पाळकसाहेबांनी वर्तमानपत्र उचललं.

"तुमचं काई?" सगुणाबाईंनी विचारलं.

"माझं काय?" ते म्हणाले. अगदी खरंखुरं विचारलं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

आम्ही परत निघालो. मी संतापून काहीबाही बोलत होते, आणि त्या मला म्हणत होत्या, "भरभर चाला, मनुका भिजवाच्या हायेत."

पुढचं थोडक्यात. सहा महिने कधी संपले ते कमिटीच्या ध्यानातही आलं नाही. एवढा काथ्याकूट करून घातलेली मुदत कोणी मोजलीच नाही. देवदानम अकोल्याला राहायला गेला. सगुणाबाईही तिकडेच गेल्या आणि जिनातल्या बायकांत शेवटपर्यंत राहिल्या, पण ते मी पाहिलेलं नाही. माझी बदली झाली होती.

माझ्या डोळ्यांपुढे त्या अजून येतात त्या त्या रविवारी सकाळच्या, अमरावती स्टेशनातल्या. वसतिगृहात गोवर आल्यामुळे मला बरोबर जाता येत नव्हतं, बाटली आणि टोपली देऊन मी फलाटावर उभी होते. त्या खिडकीशी बसल्या. कोणाची तरी ट्रंक त्यांच्या पायांत येत होती, ती त्यांनी मालकाकडून वर ठेववली, मग ती नीट ठेवली नाही म्हणून त्याला परत उठवलं. शेजारी फुलांची टोपली घेऊन एक माळीण बसली होती. गाडी हलता हलता तिने विचारलं, "कुठं चालल्या माय, एवढ्या सकायी?"

"अकोल्याले," सगुणाबाई म्हणाल्या. "आमच्या पाळकाकडं."